मिठाने खाल्लेली कोपरं

आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गेल्या महिन्यात एक पाटी लागली. निळ्या पाटीवर पांढरी सुबक अक्षरं: 'त्वचारोग असलेल्यांनी तलावात उतरू नये.' पाटी माझ्या नातीसाठी लावली आहे हे सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, पण तोंडाने तसं कोणी म्हणत नाही. नात नऊ वर्षांची आहे. तिच्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर लाल चट्टे आहेत आणि त्यांवर पांढरी खपली धरते. सोरायसिस. हा शब्द आता मेडिकलवाल्या पोराच्याही तोंडी असतो. मी सेक्रेटरीकडे गेले, तर तो म्हणाला, "आंटी, मला पर्सनली काय प्रॉब्लेम नाय. पण मेंबर लोक टेन्शन घेतात ना." मी त्याला डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. हा रोग लागट नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याने ती वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला की नोटीस सगळ्यांसाठीच आहे. घरी आले ती चिठ्ठी टेबलावर आपटूनच. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने इतकं रागवू नये, बीपी वाढतं, असं माझी लेक म्हणते. वाढू दे. हा राग आजचा नाही. तो जिथला आहे तिथलं मला आज लिहायचं आहे.

उलव्यातली ही आमची इमारत जिथे उभी आहे, तिथून माझ्या बापाचं मिठागर चालत तासाभराच्या आत होतं. बापाचं म्हणजे मालकीचं नव्हे, कामाचं. जासईच्या अलीकडच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष मिठागरावर जात आणि निम्मे शेतावर. बाबा पहाटे फावडं खांद्यावर टाकून निघत ते उन्हं डोक्यावर आली की परतत. तोवर त्यांच्या पोटऱ्यांवर पांढरं मीठ वाळलेलं असे. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहून मिठागरावरच्या सगळ्यांच्याच पायांना भेगा पडत, तळहात फाटत. पण माझ्या बाबांची कोपरं आणि गुडघे सगळ्यांहून वेगळे होते. तिथे जाड, पांढऱ्या, पापुद्रे सुटणाऱ्या चकत्या होत्या. गावात त्याला म्हणत, मिठाने खाल्लेली कोपरं. म्हणताना आवाजात मान असे. याने किती मीठ ओढलं असेल बघा, असा त्याचा अर्थ. पाहुणे आले की काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, कौतुकाने बाबांची बाही वर करून दाखवत. बाबा ओशाळं हसून बाही खाली ओढत. ते हसणं मला तेव्हा विनयाचं वाटायचं.

मी पंधरा वर्षांची असताना घसा धरून ताप आला. ताप गेला आणि पंधरा दिवसांत माझ्या अंगावर बारीक लाल ठिपके उठले. पुढे ते एकमेकांना मिळाले, कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात पसरले आणि त्यांना पांढरी खपली धरू लागली. म्हणजे नेमकं तेच, जे बाबांच्या कोपरांवर होतं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा घरातल्या, भावकीतल्या, गावातल्या एकाही डोळस माणसाला ते दिसलं नाही. मलाही नाही. बाबांचं ते मीठ होतं. मी मिठागरात कधी पाय ठेवला नव्हता, त्यामुळे माझा तो रोग झाला.

रोग ठरल्यावर सगळं फार पटपट झालं. कोणी भांडलं नाही, ओरडलं नाही. माझं ताट वेगळं निघालं, त्याच्या कडेला आईने खिळ्याने एक खूण पाडली. तांब्या वेगळा झाला. चटई पडवीच्या टोकाला गेली. मी अंथरुणातून उठले की कोणी यायच्या आत आई माझ्या चटईखालचे पापुद्रे झाडूने गोळा करायची. तो झाडूचा आवाज अजून माझ्या कानात आहे. घाईघाईचा, चोरटा, जमिनीला न लागल्यासारखा. आई झाडताना माझ्याकडे बघत नसे. बाहेर तेव्हा बंदराचा रस्ता बांधायचं काम चालू होतं आणि दिवसभर डंपरांची घरघर असे. पण मला जाग यायची ती झाडूनेच.

मग मासळी बंद झाली. हे कोणी ठरवलं ते आठवत नाही. बहुतेक काकीने, कारण असले हुकूम तिच्याकडूनच निघत. चट्टे मासळीने उठतात असं तिला कोणी सांगितलं होतं. खाडीकाठच्या घरात वाढलेल्या पोरीची मासळी बंद करणं म्हणजे काय, ते वरणभातावर वाढलेल्यांना कळणार नाही. तव्यावर निवट्या चरचरतायत, कोलीम भाजल्याचा वास पडवीपर्यंत आलाय, दादूस, म्हणजे माझा मोठा भाऊ, चिंबोरीची नांगी दातांनी फोडतोय आणि माझ्या खूण पाडलेल्या ताटात पडवळाची भाजी. दोन वर्षं. दोन वर्षांत एक चट्टाही कमी झाला नाही, पण मासळी बंदच राहिली. गुण येत नाही म्हणजे ही चोरून खाते, असं काकीचं म्हणणं होतं. मी एकदाही चोरून खाल्लं नाही, आणि याचाच आता मला सगळ्यात जास्त राग येतो.

भाकरीचं मात्र मला खरंच लागलं. तांदळाची भाकरी करायला मी नऊ वर्षांची असताना शिकले होते. उकड मळून, पाण्याच्या हाताने थापून, काठ न फाटता ताटाएवढी भाकरी मी करायचे. घरात कोणी आलं की आई म्हणायची, वनूला बसवा चुलीशी. एके दिवशी मी परात ओढली तर काकीने माझ्या मनगटाला हात न लावता परातच बाजूला सरकवली.

"तिचा हात नको गो पिठान," ती आईला म्हणाली. मला नाही, आईला. "खपल्या परतील त्यान."

आईने चुलीत लाकूड सारलं. परात स्वतःकडे घेतली. त्या दिवशी तिच्या भाकऱ्या सगळ्या काठाला फाटल्या, आणि सगळ्यांनी त्या मुकाट खाल्ल्या.

उपायही झाले. कडुलिंबाचं पाणी झालं, कसलीशी राख झाली. एका उन्हाळ्यात काकांनी डोकं लढवलं. ज्या मिठाने भावाची कातडी खाल्ली पण भावाला काही झालं नाही, ते मीठ पोरीचा रोगही खाईल, असा त्यांचा हिशोब होता. आमचं मिठागर मला ताप यायच्या आधीच बंद झालं होतं, जमीन बंदराकडे गेली होती, पण शेजारच्या गावाचं एक चालू होतं. तिथल्या कोंडीत, म्हणजे खाडीचं पाणी अडवून ठेवतात त्या खड्ड्यात, मला गळ्यापर्यंत बसवलं. मीठ धरायला आलेलं पाणी ते, समुद्राच्या कितीतरी पट खारं, आणि माझ्या अंगावर खाजवून पडलेल्या ताज्या भेगा. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगते की मी ओरडत होते आणि बांधावर बाबा उभे होते, खाडीकडे तोंड करून. मला वाटलं, त्यांना बघवत नाही. तेही खरं असेल.

घरात मी कोणाच्या जवळची होते, तर दादूसच्या. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नुकताच चिकटला होता. बाबाही तिथेच रखवालीच्या कामावर लागले होते. दादूस माझ्या तांब्यातून मुद्दाम पाणी प्यायचा, आई ओरडेपर्यंत. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी सतरा पुरी करत होते. आमच्यात नवऱ्या मुलाच्या मागे त्याची बहीण करवली म्हणून उभी राहते, तिच्या हातात कऱ्हा असतो, पाण्याने भरलेला, वर नारळ ठेवलेला. लहानपणापासून आमचं ठरलेलं होतं. तू लगीन करशील तेव्हा कऱ्हा माझा. एकुलती एक बहीण होते मी. दुसऱ्या कोणाचा हक्कच नव्हता त्याच्यावर.

सुपारी फुटली त्याच आठवड्यात काकी आली आणि बसल्या बसल्या म्हणाली की कऱ्हा तिची लेक सुरेखा घेईल. पोरीकडच्यांनी वनूला बघितलं तर लग्न मोडेल. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलं आहे आणि दर वेळी ते अशा माणसाने म्हटलं आहे ज्याला वाईट वाटायची पाळी कधी आलेली नव्हती. आईने बारीक आवाजात विचारलं की तोवर पोर बरी झाली तर. काकी म्हणाली, झाली तर झाली.

म्हणून बाबा मला मुंबईला सरकारी इस्पितळात घेऊन गेले. मोऱ्याच्या धक्क्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला आणि तिथून बसने. लाँचमध्ये मी पदराने डोकं घट्ट बांधून कडेला बसले होते. चार तास रांगेत गेले. कातडीच्या विभागात एक डॉक्टरीण होती, चाळिशीची, चष्म्याची दोरी गळ्यात. तिने माझा हात धरला. हातमोजा नाही, काही नाही, सरळ हात धरून कोपर उजेडात वळवलं, नखाने खपली हळूच खरवडून पाहिली. दोन वर्षांत माझ्या घरच्यांव्यतिरिक्त कोणी मला हात लावला नव्हता. मला रडू आलं ते तिला दुखल्यामुळे वाटलं असावं, कारण तिने सॉरी म्हटलं.

मग तिने नाव सांगितलं आणि समजावलं. प्रत्येकाची कातडी आतून नवी येते आणि जुनी गळते. इतरांच्या कातडीला या कामाला महिना लागतो, हिच्या कातडीला घाई झाली आहे, ती ते काही दिवसांतच उरकते आणि जुनं गळायच्या आत नवं वर येऊन साचतं. अंगातली जी यंत्रणा रोगाशी लढते, तीच चुकून हिच्या कातडीवर उठली आहे. हे लागट नाही, कोणाला होणार नाही, हात लावून नाही, ताटातून नाही. "हा महारोग नाही, आणि असता तरी पोरीचं ताट वेगळं करायचं कारण नव्हतं," ती बाबांना म्हणाली. ताटाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, जाईल का. ती म्हणाली, "मुळासकट नाही जाणार. कमी होईल, परत येईल, परत कमी होईल. त्याच्याबरोबर राहायला शिकायचं." मी विचारलं, मासळी. ती हसली. "मासळीने काय होतंय? खा की."

आणि मग कागदावर लिहिता लिहिता तिने विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का. बाबा नाही म्हणाले. तिने मान वर केली. बाबांच्या टेबलावर ठेवलेल्या हाताकडे बघितलं, त्यांची बोटं उचलून नखं पाहिली. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे होते, तसेच माझ्याही नखांवर होते. ती म्हणाली, "बाही वर करा, बाबा."

बाबांनी केली. "मिठागराचा हाय तो, बाई," ते म्हणाले. "मिठाने खाल्लाय."

"मिठागर कुठे आहे?"

"बंद झाला."

"कधी?"

बाबांनी बाही खाली ओढली. नंतर म्हणाले, "चार वरसा झाली."

"मीठ चार वर्षं टिकत नाही," ती म्हणाली आणि दुसरा केसपेपर काढला.

परतीच्या लाँचवर माझ्या मांडीवर दोन सारख्या मलमाच्या डब्या होत्या. डांबराचा वास येणारं काळपट मलम. एक माझी, एक बाबांची. मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. मला वाटलं, आता घरी जाऊन सांगायचं की संपलं सगळं. काकीला सांगायचं, काकांना सांगायचं, ताट मोडीत टाकायचं. बाबा पाण्याकडे बघत होते. मोऱ्याचा धक्का दिसायला लागला तेव्हा ते बोलले.

"घरान सांगू नको, बाय. लागट नाय, येवराच सांगू. माजा नको सांगू. दादूसचा लगीन होऊ दे. पोरीवाल्यांना कललं का बापसालाच हाय, तर ते बोलतील नवऱ्यालाबी होनार."

मी म्हटलं, बरं. सतराव्या वर्षी बाप डोळ्यांत पाणी आणून काही मागतो तेव्हा दुसरं काय म्हणणार. त्या बरंची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. लागट नाही, एवढं आम्ही घरी सांगितलं. काकी म्हणाली, मुंबईचे डॉक्टर तसंच बोलतात. बाबांनी आपली डबी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत टाकली. मी माझी रोज लावायचे, वर कोवळं ऊन घ्यायचे. गावातली पोरं मला बघून म्हणत, डांबराचा वास आला, रस्ता आला वाटतं आपल्या दारात. हसण्यासारखंच होतं, मीही एकदोनदा हसले. चट्टे थोडे पातळ झाले, पण लग्न जवळ आलं तसे पुन्हा उठले. मनाला ताण पडला की हे उठतं, हे पुढे कळलं. मुंबईहून आलो त्या रात्रीच्या जेवणात मात्र मी निवट्या मागून घेतल्या. आईने क्षणभर थांबून वाढल्या. मी त्या काट्यांसकट खाल्ल्या.

लग्न मे महिन्यात होतं. आईने माझ्यासाठी लांब बाह्यांचं ब्लाउज शिवून आणलं. मरून रंगाचं, जाड कापडाचं, मनगटापर्यंत बंद. करवलीसाठी नव्हे, मागे बसण्यासाठी. मेच्या उकाड्यात त्याच्या आत माझं अंग पेटायचं आणि घामाने चट्टे आणखी चरचरायचे. हळदीच्या दिवशी दुपारपासून घर भरलं. अंगणात मांडव, एका बाजूला पंधरावीस बाया गावजेवणाच्या भाकऱ्या थापायला बसलेल्या, पिठाच्या पराती, तीन चुली. मला मागच्या पडवीत जाळाशी बसवलं होतं. लाकडं सारायला. लाकडांना काही लागत नसावं.

पडवीच्या जाळीच्या खिडकीतून मला अंगण दिसत होतं. उन्हं अजून चांगली तापलेली होती. दादूसला पाटावर बसवलं आणि आमच्या रीतीप्रमाणे त्याच्या दोन बाजूंना आईबाबांनाही. धवलारणीने धवले सुरू केले. आमच्या लग्नात ती गाणी म्हणणारी बाई असल्याशिवाय पान हलत नाही. बायांनी हळदीची परात मधे घेतली. बाबांनी सदरा काढून ठेवला. आणि मग मी पाहिलं. काकीने दोन्ही हात हळदीत बुडवले आणि बाबांच्या कोपरांवर चोळायला लागली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. त्या पांढऱ्या पापुद्र्यांवर, भेगांवर, सगळ्या तळहात दाबून चोळत होत्या, थट्टा करत होत्या. "मिठाने खाल्ला गो, हलद तरी पुरंल काय याना." पापुद्रे सुटून परातीत पडत होते आणि तीच हळद उचलून त्या नवऱ्या मुलाच्या गालांना लावत होत्या. माझ्या हातची भाकरी नको म्हणणाऱ्या बाया. नळाला माझ्यामागून हात लावायच्या आधी त्याची मूठ धुणाऱ्या बाया. ज्याला त्या माझ्या अंगावर रोग म्हणत होत्या, त्याला बापाच्या अंगावर हळद लागत होती.

मी लाकूड तसंच अर्धवट टाकून उठले. लग्न मोडेल, बाबांना दिलेला शब्द मोडेल, हे सगळं मला दिसत होतं. म्हणजे रागाच्या भरात भान गेलं असं मी म्हणणार नाही, भान पुरतं होतं. भाकऱ्या करणाऱ्या बायांमधून मी सरळ मांडवात गेले आणि बाबांच्या पाटाशेजारी जमिनीवर बसले. मरून ब्लाउजची बाही वर जात नव्हती, शिवणच तशी घातली होती, म्हणून मी ती उसवली. दातांनी दोरा तोडला. आणि माझं कोपर बाबांच्या कोपराला लावून ठेवलं.

गाणं थांबलं. काकी म्हणाली, "उठवा तिला." कोणी पुढे आलं नाही, कारण उठवायचं म्हणजे मला हात लावावा लागला असता. मी बाबांकडे बघत नव्हते. मी बोललेही नाही. मी शब्द दिला होता, तो मी मोडला नाही, आजही मी तसंच म्हणेन. मी फक्त हात ठेवला होता. दोन कोपरं शेजारी शेजारी, एक हळदीचं आणि एक कोरडं. कोणीही बघावं. बघितल्यावर आतापर्यंत कसं दिसलं नाही असं वाटावं, इतकं ते एक होतं.

बाबांनी दोन्ही कोपरांकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले, "मिठाचा नाय तो."

काका म्हणाले, "काय बोलतंस तू?"

"मिठाचा नाय, दादा. मना पयल्यापासून हाय. तिला माजाच आलाय." ते हळू बोलत होते, पण मांडव इतका गप्प होता की चुलीपाशी ऐकू गेलं. "डाक्टरनीने सांगितला. मीच पोरीला बोललू, सांगू नको."

आता बायका माझ्या हाताला हात लावतील असं कोणाला वाटलं असेल, तर त्याने माणसं पाहिलेली नाहीत. झालं ते उलटं. काकीने बाबांच्या दंडावरचा हात काढून घेतला. आधी एक, मग दुसरा. तिच्या बाजूच्या दोघींनी पदराला हात पुसले. वीस वर्षं त्या कोपरांकडे कौतुकाने बघणाऱ्या बाया एका वाक्यासरशी पाटापासून हातभर मागे सरकल्या. बाबांनी ते पाहिलं. दोन वर्षं मी काय पाहत होते ते त्यांनी एका क्षणात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की माझा निम्मा राग तिथेच बसला. निम्माच.

मी परातीत दोन्ही हात घातले आणि बाबांच्या कोपरांना हळद लावली. भेगांत हळद झोंबते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार, म्हणून हळू लावली. त्यांनी हात ओढून घेतला नाही. मग आईने, माझी परात निमूट काढून घेणाऱ्या माझ्या आईने, हात पुढे करून माझ्या उसवलेल्या बाहीतून माझ्या कोपराला हळद लावली. दादूस आपला गाल पुढे करून म्हणाला, "मना पन लाव गो, का सगली बापसालाच?" मी लावली. धवलारीण म्हातारी होती, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि जिथे थांबली होती तिथून पुढे गायला लागली. तिला अजून दोन घरं करायची होती.

कऱ्हा मीच घेतला. काका अडून बसले, तेव्हा बाबा म्हणाले, मग मी पण मांडवात येत नाही, तुम्ही लावा लग्न. नवऱ्याच्या बापाशिवाय लग्न लागत नाही. नवरीकडच्यांनी मला बघितलं, कुजबुजले, आणि लग्न लागलं. मोडलं बिडलं काही नाही. वहिनी तिसऱ्या दिवशी माझ्याशेजारी भाकऱ्या थापायला बसली. काकी आमच्या घरी जेवली नाही ती शेवटपर्यंत. त्याने आमचं काही अडलं नाही.

बाबा म्हातारपणी माझ्याकडेच होते. त्यांचे सांधे धरायला लागले, त्यातही याच रोगाचा हात असतो असं नवे डॉक्टर म्हणतात. मी त्यांना आणि मला एकाच ट्यूबमधलं मलम लावायचे. असंच एकदा लावता लावता मी विचारलं, बाबा, त्या डॉक्टरणीने सांगायच्या आधी तुम्हाला ठाऊक होतं का. त्यांनी खिडकीबाहेरच्या क्रेनकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "मिठागर बंद झाला नि कोपरं बरी नाय झाली, तवाच कललं."

म्हणजे माझं ताट वेगळं झालं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मला कोंडीत बसवलं तेव्हा बांधावर पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक होतं. मी मलमाचा हात थांबवला. उठून गॅलरीत गेले. खूप वेळाने परत आले तर ते तसेच बाही वर करून बसले होते. मी राहिलेलं मलम लावलं. त्यांना मी माफ केलं का, असं लेकीने मला विचारलं होतं. मी मलम लावलं, एवढंच मला सांगता येतं.

आता या निळ्या पाटीचं. काल संध्याकाळी नात मला म्हणाली, "आजी, मी लांब बाह्यांचा स्विमिंग सूट घेऊ का? मग कोणाला दिसणार नाही." नऊ वर्षांची पोर. तिला हे कोणी सुचवलं नव्हतं, तिचं तिनेच शोधून काढलं होतं. मी नाही म्हटलं, आणि इतक्या जोरात म्हटलं की ती दचकली. मग मी खाली टेलरकडे गेले. उद्या रविवार आहे, सकाळी तलावावर सगळे मेंबर असतात. नात तिच्या साध्या सूटमध्ये पाण्यात उतरेल. सेक्रेटरी आला तर मी काठावर असेन. टेलर जरा बघतच राहिला माझ्याकडे, पण माझं ब्लाउज त्याने आज दुपारी शिवून दिलं. मरून रंगाचं आहे, आणि त्याला बाह्या नाहीत.